पेरणाऱ्याचा चेहरा

टर्पेंटाइनचा वास आमच्या घराला नवा नाही. अब्बा साइनबोर्ड पेंटर होते. संध्याकाळी घरी आले की अम्मी अंगणातच त्यांच्यापुढे रॉकेलची वाटी, चिंधी आणि साबणाची वडी ठेवायची. नखावर इनॅमलचा थर राहिला तर खाली पाणी पोचत नाही आणि वुजू होत नाही, म्हणून ते एकेक नख घासून साफ करायचे. रंग जायचा, वास काही जायचा नाही. तो वास अंगावर घेऊनच ते मगरिबच्या नमाजला उभे राहायचे.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या पडवीत आम्ही दोघी बहिणींनी टर्पेंटाइनची बाटली पहिल्यांदा उघडली, तेव्हा काही वेळ कुणीच काही बोललं नाही.

दोघींपैकी थोरली ती, जिला सगळा मोहल्ला आपा म्हणतो. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली. धाकटी टपाल खात्यातून. हे लिखाण आम्ही दोघींनी मिळून केलं आहे. जिथं आमचं एकमत नाही, तिथं तसं सांगितलं आहे.

तैलरंग शिकायची हौस आपाची. गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायचं ठरलं. धाकटी सोबत म्हणून गेली आणि तिच्याही हातात ब्रश आला. सुरुवातीचे काही रविवार सरांनी तांब्या, कांदे, पितळी डबा असलं काहीबाही काढून घेतलं. मग एके दिवशी त्यांनी एका जुन्या पुस्तकातलं रंगीत पान उघडून आमच्यापुढे ठेवलं.

"आता याची नक्कल करायची. जशीच्या तशी."

चित्रात पिवळंधमक आकाश होतं. क्षितिजावर मोठा सूर्य, त्याच्याखाली पिकलेल्या गव्हाची पट्टी, आणि पुढं निळ्या-जांभळ्या ढेकळांचं शेत. त्या शेतातून एक माणूस बी फेकत चालला होता. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं 1888 च्या जून महिन्यात फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्ल गावी काढलेलं हे चित्र. नाव 'पेरणारा'. मूळ चित्र हॉलंडमध्ये ओटर्लोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. कलेचा इतिहास लिहिणारे याला उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणतात. हे नाव मात्र 1910 साली लंडनमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनापासून रूढ झालं. तोवर व्हिन्सेंटला जाऊन वीस वर्षं झाली होती.

आपानं पान बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "सर, यात माणूस आहे."

सरांना त्यात अडचण काय ते कळलं नाही. आम्हांला कळलं.

अब्बांचा हात अक्षरावर बसलेला होता. मराठी असो, इंग्रजी असो, उर्दू असो, पत्र्यावर खडूची दोरी मारून ते एका दमात ओळ लिहायचे. पण जिवंत प्राण्याचं चित्र त्यांनी कधी काढलं नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तर काम सोडायचे. एका टेलरनं आपल्या दुकानाच्या बोर्डावर सुटाबुटातला साहेब हवा म्हणून हट्ट धरला होता. अब्बांनी त्याला कोट काढून दिला, टाय काढून दिला, वरच्या खिशातला रुमालसुद्धा काढला. कॉलरच्या वर मात्र काही नव्हतं. शिर नसलेला तो कोट पुढं बरीच वर्षं बाजारपेठेत टांगलेला होता. शाळेत जाता-येता आम्ही तो पाहायचो आणि हसायचो. अब्बांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. कोट काढायला सांगितला होता, कोट काढला, असं त्यांचं म्हणणं.

आपाचा हात अब्बांवर गेला होता. शाळेत असताना तिनं एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिली. स्मरणचित्राला विषय आला होता, पावसातला बसस्टॉप. माणसं काढायची नाहीत हे घरून पक्कं झालेलं. मग पोरीनं शक्कल लढवली. सगळा कागद छत्र्यांनी भरून टाकला. वरून पाहिल्यासारख्या काळ्या छत्र्या, एकीला एक लागून, खाली माणसं आहेत असं समजून घ्यायचं. ती पास झाली, पण चित्रकलेच्या बाईंनी बजावलं की इंटरमिजिएटला हे चालणार नाही, तिथं माणसं काढावीच लागतील. आपानं घरी येऊन विचारलं. अब्बा रागावले नाहीत. रागावण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. ते म्हणाले, "आदमी नक्को गे बेटा. झाड निकालो, फूल निकालो." इंटरमिजिएटचा फॉर्म भरला गेला नाही. आपा पुढं डी.एड.ला गेली. शाळेच्या फळ्यावर तिनं वर्षानुवर्षं आंबे, पोपट, घर आणि डोंगर काढले. हो, पोपट काढले. पोरांना 'प' शिकवायचा तर पोपट काढावाच लागतो. पण माणूस नाही.

तस्वीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. ते मिटवण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि हा लेख त्यासाठी नाही. जिवाची कुठलीच तस्वीर नको असं म्हणणारे आहेत, पूजेसाठी नसेल तर हरकत नाही असं म्हणणारेही आहेत. चित्रांवर पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडं काढ, निर्जीव वस्तू काढ, असा सल्ला दिल्याची हदीस आहे. अब्बांचं 'झाड निकालो' तिथून आलं असावं, हे आम्हांला खूप उशिरा समजलं. लहानपणी ती नुसती मनाई वाटायची. तो रोजगार वाचवणारा सल्लाही होता, हे तेव्हा कुठं कळत होतं!

सरांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाई, माणसाचं नंतर पाहू. शेतापासून सुरुवात करा."

आणखी एक शंका धाकटीची होती. नक्कल कशासाठी? शाळेत नक्कल केली की छडी मिळायची आणि इथं नक्कल करायलाच शिकवतात, हे कसं?

याचं उत्तर खरं तर आमच्या घरातच होतं. अब्बांनी उर्दू अक्षर एका कातिबाकडून शिकलं होतं. उस्ताद एक ओळ लिहून द्यायचे आणि शागिर्दानं तीच ओळ पुन्हा पुन्हा उतरवायची. त्याला मश्क म्हणतात. एका 'बे'ची नाव नीट पाण्यावर टेकेपर्यंत पुढचं अक्षर नाही. खुशनवीसीच्या परंपरेत तर उस्तादांच्या लिखाणाची हुबेहूब नक्कल साधली की मगच शागिर्दाला इजाजा मिळायची. इजाजा म्हणजे आपल्या लिखाणाखाली आपलं नाव लिहायची परवानगी. आधी नक्कल, मग नाव, असा तो क्रम.

आणि मुसव्विरांचंही तेच. मोगल चित्रशाळेत अबुल हसन नावाचा एक मुलगा होता. वयाच्या तेराव्या वर्षी, 1600 च्या सुमारास, त्यानं जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापील चित्रावरून संत जॉनची आकृती उतरवली. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. पुढं जहांगीर बादशहानं त्याला 'नादिर-उज-जमान' हा किताब दिला. म्हणजे एक मुसलमान पोरगा फिरंगी चित्राची नक्कल करत शिकला, याला चारशे वर्षं उलटून गेली. आमच्या पडवीत काही जगावेगळं घडत नव्हतं.

सरांनी तर आणखी गंमत सांगितली. ज्या चित्राची नक्कल आम्ही करायला घेतली होती, ते स्वतःच एका नकलेच्या पोटी जन्मलेलं. ज्याँ-फ्रान्स्वा मिले हा नॉर्मंडीच्या शेतकरी घरातला चित्रकार. त्यानं 1850 साली 'पेरणारा' काढला. व्हिन्सेंटची आणि त्याची कधी भेट झाली नाही. मिले 1875 साली वारला, तेव्हा व्हिन्सेंट चित्रं विकणाऱ्या दुकानात नोकरी करत होता. पण 1881 साली, चित्रकार व्हायचं नक्की केल्यावर, त्यानं मिलेच्या पेरणाऱ्याची नक्कल केली, तीही छापील प्रतीवरून. पुढं दवाखान्यात असताना 1889-90 मध्ये त्यानं मिलेच्या चित्रांवरून वीसेक चित्रं रंगवली. समोर असायच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रंग सगळे त्याचे स्वतःचे. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं याची तुलना वादकाशी केली आहे. दुसऱ्यानं रचलेलं संगीत वाजवणाऱ्याला कुणी नकल्या म्हणत नाही, मग चित्रकाराला का म्हणावं, असा त्याचा मुद्दा. आमचं मिरज सतारी बनवणाऱ्यांचं गाव. हा मुद्दा आम्हांला समजावून सांगावा लागला नाही.

कॅनव्हास घेतला सोळा बाय वीस इंची. मूळ चित्र साधारण 64 बाय 80 सेंटिमीटर आहे, म्हणजे आमचा कॅनव्हास लहान, पण उंची-रुंदीचं प्रमाण नेमकं तेच. दोन-दोन इंचांवर रेघा मारल्या की ऐंशी चौकटी होतात. छापील पानावर तेवढ्याच चौकटी पेन्सिलनं मारल्या. चौकटी मारून लहानाचं मोठं करायचं हे अब्बांचं रोजचं काम, तेवढ्या बाबतीत आम्ही सरांच्याही पुढं होतो.

आखणी चालू असतानाच आपाच्या एक गोष्ट लक्षात आली. "हा येडा आहे का गे? मागं गहू पिकून उभा आहे आणि हा पुढं पेरतोय कसला?"

खरंच की! एकाच शेतात एकाच वेळी कापणीला आलेलं पीक आणि पेरणी, असं कुठं असतं? चित्र जूनमधलं. तिकडं तेव्हा गहू कापणीला येतो, पेरणी त्याआधीच्या शरदात झालेली असते. व्हिन्सेंटनं डोळ्यांसमोरचं शेत घेतलं आणि त्यात मनातला पेरणारा आणून सोडला. सुरुवात आणि शेवट एका चौकटीत. आम्ही शेतकऱ्याच्या नाती नसतो तर हे आमच्या ध्यानात आलं नसतं.

आमच्याकडं असं मुठीनं फेकून पेरत नाहीत. नानीच्या गावाला कुरीनं पेरणी व्हायची. पुढं बैल, मागं कुरी आणि कुरीमागून चालत नानी चाड्यावर मूठ धरायची. मुठीतून दाणे असे सुटायचे की सगळ्या नळ्यांत सारखे पडावेत. वेगानं सोडले तर दाट, हात अडला तर रान मोकळं. 'बिस्मिल्लाह' म्हणून ती पहिली मूठ धरायची आणि बांधापर्यंत कुणाशी बोलायची नाही. चित्रातल्या माणसाच्या हाताकडं पाहताना आम्हां दोघींना एकदमच तिची आठवण झाली.

रंग लावायला घेतले आणि आमची घमेंड उतरली. अब्बांचा इनॅमल एकसारखा पसरायचा आणि सकाळपर्यंत वाळायचा. तैलरंगाचं शास्त्रच वेगळं. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, वर जाल तसं तेल जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढं तडे जातात. सरांनी अल्ट्रामरीन, क्रिमझन, लेमन यलो, क्रोम यलो, यलो ऑकर आणि टिटॅनियम व्हाइट एवढ्याच ट्यूबा आणायला लावल्या होत्या. काळा आणायचा नाही म्हणून ताकीद.

पहिल्या रविवारी आम्ही आकाश 'भरलं'. भिंतीला रंग द्यावा तसं, वरून खाली, सफाईदार. सर म्हणाले, "हे आकाश नाही, पत्रा आहे." मग पान जवळ धरून पाहिलं. आकाश कुठंच भरलेलं नव्हतं. सूर्याभोवती आखूड, जाड फटकारे, सगळे त्याच्यापासून बाहेर निघालेले. जमिनीवरचे फटकारे वेगळे, ढेकळांसारखे तुटक, आडवे-तिरपे. प्रत्येक फटकारा एकदाच मारलेला. रंग उचलायचा, ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की मेलाच.

दुसऱ्या रविवारी त्याहून मोठी फजिती झाली. जांभळं शेत ओलं असतानाच आम्ही त्यात पिवळे ठिपके द्यायला गेलो. पिवळा जांभळ्यात मिसळला आणि सगळं शेणाच्या रंगाचं झालं. पॅलेट-नाइफनं खरवडून काढावं लागलं. तेव्हा सरांनी विरोधी रंगांचा नियम सांगितला. पिवळा आणि जांभळा एकमेकांत मिसळले तर दोघेही मरतात, पण शेजारी शेजारी ठेवले तर दोघेही पेटतात. गोबलँच्या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई पाहणारा शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं 1839 साली यावर ग्रंथच लिहिला होता. तिथून हा विचार चित्रकारांपर्यंत पोचला. व्हिन्सेंटचं आकाश पिवळं आणि शेत जांभळं आहे ते यासाठी. आणि पेरणाऱ्याची विजार त्यानं पांढरी ठेवली तीही हिशेबानं. दोन भडक रंगांच्या झगड्यात डोळा थकतो, त्याला टेकायला जागा हवी, असं त्यानं मित्राला पत्रात कळवलं होतं.

मिसळून मातकट होण्यापेक्षा शेजारी राहून उजळणं बरं. हे वाक्य रंगांबद्दलच आहे. वाचकांना त्यातून आणखी काही सुचलं तर आमची हरकत नाही.

एवढं सगळं करूनही जांभळा मनासारखा होईना. छापील पान निळं दाखवायचं, पत्रातलं वर्णन जांभळं सांगायचं. सर म्हणाले, पान खरं मानू नका. छपाईत रंग बदलतात हे एक, आणि मूळ चित्रांतही रंग जागच्या जागी राहिलेले नाहीत हे दुसरं. व्हिन्सेंटच्या काळचे काही तांबडे रंग उजेडानं विटतात. त्याच्या झोपायच्या खोलीच्या प्रसिद्ध चित्रातल्या भिंती त्यानं फिक्या जांभळ्या म्हणून लिहिल्या आहेत. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा उडाला. त्याचा क्रोम यलोही काळपट होत जातो. 2011 साली शास्त्रज्ञांनी त्याचं कारण क्रोमियममधल्या रासायनिक बदलात दाखवून दिलं. म्हणजे आपण जे उतरवतो ते त्यानं रंगवलेलं नसतंच, त्याचं उरलेलं असतं. अब्बांचे बोर्ड आम्ही असेच विटताना पाहिले आहेत. तांबडी अक्षरं आधी जायची, निळी शेवटपर्यंत राहायची.

शेत झालं, आकाश झालं, गहू झाला. माणसाची जागा तेवढी कोरी राहिली. कॅनव्हासवर अर्ध्या वितीएवढी पांढरी पोकळी, दुरून पाहिली तर उभ्या पिशवीसारखी. एक रविवार गेला, दोन गेले. सर म्हणाले, "बाई, आजूबाजूचा रंग पार वाळला तर तो माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसेल. काय ते ठरवा."

त्या रात्री आमचं भांडण झालं. आपा म्हणाली, अब्बा नको म्हणाले होते. धाकटी म्हणाली, "अब्बा गेले. आणि तुझी परीक्षा राहिली ती राहिलीच." असं बोलायला नको होतं. बोलून गेलं. आपानं त्यावर उत्तर दिलं नाही. दोन रविवार ती सरांकडे आली नाही आणि कॅनव्हास पडवीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या दिवसांत धाकटीनं व्हिन्सेंटची चरित्रं, पत्रं असं मिळेल ते वाचून काढलं. त्यात आमच्या कामाच्या दोन गोष्टी निघाल्या. एक, त्याचे वडील डच प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्या पंथानं आपल्या चर्चमधून मूर्ती आणि चित्रं कधीच हलवली होती. पांढऱ्या भिंती आणि धर्मग्रंथ, एवढंच. म्हणजे हाही आमच्यासारख्याच कोऱ्या भिंतींच्या घरात वाढलेला. चित्रकार होण्याआधी तो स्वतः खाणकामगारांमध्ये धर्मोपदेश करत होता. दुसरी गोष्ट 1888 सालचीच. त्यानं ऑलिव्हच्या बागेतल्या येशूचं, म्हणजे आमच्या हजरत ईसा अलैहिस्सलामांचं, चित्र काढायला घेतलं आणि चाकूनं खरवडून टाकलं. काही आठवड्यांनी पुन्हा काढलं, पुन्हा खरवडलं. एवढ्या मोठ्या आकृत्या समोर मॉडेल नसताना काढू नयेत, असं त्यानं भावाला लिहिलं.

धाकटीनं हे आपाला वाचून दाखवलं. आपा म्हणाली, "खरवडलं? स्वतः?" आणि तिनं पुस्तकातलं पान मागवून घेतलं. अम्मीचं जुनं भिंग काढलं आणि पेरणाऱ्यावर धरलं. बराच वेळ पाहून म्हणाली, "याला चेहराच नाही."

खरंच नव्हता. टोपीखाली गडद रंगाचे दोन-तीन फटकारे, बस्स. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. ज्या मातीतून तो चालला होता त्याच रंगांचे फटकारे त्याच्या अंगावर, फक्त त्यांची दिशा बदललेली.

"अब्बांच्या कोटासारखा," आपा म्हणाली.

इथं आमचं एकमत नाही. आपाचं म्हणणं, दोघांनीही एका हद्दीपाशी हात आखडता घेतला. धाकटीचं म्हणणं, अब्बांनी शिर सोडलं ते श्रद्धेनं आणि व्हिन्सेंटनं चेहरा सोडला तो गरज नव्हती म्हणून, त्याच्या माणसाचं सगळं म्हणणं पायांत आणि हातात आलेलं होतं. पण एवढं खरं की पुढच्या रविवारी आपानं पदर खोचला, ब्रश उचलला आणि म्हणाली, "काढते."

पहिल्या खेपेला बुजगावणं झालं. ताठ कणा, दोन्ही पाय सारखे, हात खुंटीसारखा. आयुष्यभर माणूस न काढलेला हात तो, त्याचा काय दोष! आपानं काही न बोलता पॅलेट-नाइफ घेतला आणि तो खरवडून टाकला. दुसऱ्यांदाही तेच. मग ती धाकटीला म्हणाली, "ऊठ. चालून दाखव."

"कुणी, मी?"

"तोच म्हणतो ना, मॉडेलशिवाय काढू नये."

मग आमच्या परसात जे झालं ते शेजाऱ्यांनी अजून विसरलेलं नाही. साठी ओलांडलेल्या बाईनं ओढणीची झोळी करून त्यात दोन मुठी कण्या घेतल्या आणि चिंचेपासून नळापर्यंत फेकत चालायला सुरुवात केली. शेजारच्या कोंबड्या हां हां म्हणता कुंपण ओलांडून आल्या. आपा पायरीवर बसून, "हात मागं ने, अजून मागं, पाऊल टाकतानाच सोड," असं वर्गात सांगावं तसं सांगत होती. गुडघा दुखेपर्यंत चालवलं तिनं. आणि मग एकदम म्हणाली, "कळलं. अंग आधी पुढं पडतं, पाय त्याला सावरायला जातो."

चौकटी मारून, भिंग लावून जे दिसलं नव्हतं ते असं दिसलं. त्या दुपारी तिनं पेरणारा काढला. आधी अंगाचा कल, एकच तिरपा फटकारा. मग पुढचा पाय, ज्यावर सगळा भार. मग मागं गेलेला हात. विजारीचा पांढरा शेवटी. सर म्हणाले, कड अजून थोडी कडक आहे. पण ते हसत होते.

नक्कल कशासाठी, याचं उत्तर धाकटीला तिथं मिळालं. उस्तादाच्या मागोमाग चालत जावं, चालत जावं, आणि एका ठिकाणी पाऊल अडतं. त्याला दिसलं ते आपल्याला दिसत नाही. मग पान बाजूला ठेवून आपल्या परसात पाहावं लागतं. आमचं पाऊल नेमकं माणसापाशी अडलं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जिथं अडलं होतं तिथंच.

आपाला विचारलं, आता बरं वाटतं का? ती म्हणाली, इंटरमिजिएट काही परत येत नाही. अब्बांवर तिचा राग नाही. तसा तो तेव्हाही नव्हता. पण छत्र्यांखालची माणसं एवढी वर्षं तिथंच उभी होती, त्यातला एक बाहेर आला, असं ती म्हणाली.

चित्र वाळायला पाच-सहा आठवडे लागले. सूर्याचा पिवळा जाड लागला होता, तो शेवटी वाळला. दोष पुष्कळ आहेत. गहू कापसासारखा झालाय, उजवीकडची ढेकळं मातकटच राहिली. सरांनी कॅनव्हासच्या मागं लिहायला लावलं, कुणावरून केलं ते. आपल्या सुवाच्य अक्षरात आपानं लिहिलं, 'मिलेवरून व्हिन्सेंट, व्हिन्सेंटवरून आम्ही.' हदीस सांगताना कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी सांगतात, तशीच ही साखळी. पुढच्या बाजूला सही केली नाही. इजाजा अजून मिळालेला नाही.

चित्र आम्ही जिन्याजवळच्या बोळात लावलं आहे. नमाजच्या खोलीत लावलं नाही, त्याबद्दल दोघींचं एकमत आहे. घरी येणारे बघतात. एक नातेवाईक म्हणाले, अब्बांना चाललं नसतं. आम्ही म्हटलं, बहुधा नसतंच चाललं. त्यांना चहा दिला. ते पुन्हा पाहायला उठले आणि म्हणाले, पण हा माणूस चालतोय बरं का!

सध्या पडवीत दुसरा कॅनव्हास लागला आहे. ही नक्कल नाही. पुढं बैल, मागं कुरी आणि चाड्यावर मूठ धरलेली नानी. तिचा एकही फोटो नाही, कुणी काढूच दिला नव्हता. चेहरा आम्हां दोघींना आठवतो, पण वेगवेगळा. तो काढायचा की नाही यावर बोलणं चालू आहे. तोवर आपानं मुठीपासून सुरुवात केली आहे.